बांगड्यात कणा कसा शोधावा

'पृष्ठवंशीय', म्हणजे कणा असलेले प्राणी, हा शब्द मी सातवीला फळ्यावर नंतर लिहिते. आधी बाजारात पिशवी जाते: एक अख्खा बांगडा, मोरीची (लहान शार्कची) एक तुकडी, एक माकुल (स्क्विड), चार सुंगटं (कोळंबी). मासे न खाणाऱ्या घरच्या मुलांनी शेजारच्याच्या पाठीवर बोट फिरवावं, मणके तिथेही लागतात.

बांगडा मीठ-पाण्यात उकडा. मांस बोटांनी सोडवलंत की मधला काटा शेपटीसकट हातात येतो. तो धुऊन उजेडात धरा. सलग काडी वाटत होती ती मण्यांची माळ निघते. एक मणी सुटा करून बघा, दोन्ही तोंडांना वाटीसारखा खोलगट असतो आणि त्याच्या पाठीवर इवलीशी कमान असते. तिच्यातून टाचणी आरपार घाला. जिवंत माशात इथूनच मज्जारज्जू मेंदूकडे जातो, आणि शोधायचा आहे तो हाच रस्ता. शेपटीकडच्या मण्याला मात्र खालीही कमान असते, तिच्यातून रक्तवाहिन्या जातात. मुलं हटकून तिच्यातच टाचणी घालतात, म्हणून पाठ कुठली आणि पोट कुठलं ते आधी ठरवा.

आता मोरी. हिच्यात हाड औषधालाही नाही, सगळी कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक. तरी तुकडीच्या मधोमध गोल चकती दिसते, तो मणीच. म्हणजे कणा हाडाचाच हवा असं नाही.

माकुल चिरलं की आतून प्लास्टिकसारखी पारदर्शक पात निघते आणि वर्गात "बाई, कणा!" असा गलका होतो. होऊ द्या. मग टाचणी देऊन मणी आणि कमान शोधायला सांगा. सापडत नाही. ती पात म्हणजे शिंपल्याचा उरलेला अवशेष. माकुल तिसऱ्या-शिंपल्यांच्या गोतावळ्यातलं.

सुंगटाचा सांगाडा बाहेरूनच, ते सोलताना कळतं. पाठीतला काळा दोरा म्हणजे आतडं. सुंगटाची मज्जातंतूंची दोरी पोटाच्या बाजूने जाते, आपल्या बरोबर उलट.

साप वाकतो म्हणून त्याला हाडं नसतात, असं ठासून सांगणारा दरवर्षी एक निघतोच. त्याला सांगा, तुझ्या मानेत मणके 7, सापाच्या अंगात 200 च्या वर.

मणी ठेवायचे असतील तर साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजवून कडक उन्हात वाळवा. पहिल्या वर्षी मी नुसते धुऊन बरणीत भरले होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते झाकण उघडायला शिपायाने साफ नकार दिला.