नव्या चेरी कोळंब्या टाकीत सोडताना
दुकानातून आणलेल्या चेरी कोळंब्या (घरच्या मत्स्यालयात पाळतात त्या गोड्या पाण्यातील छोट्या कोळंब्या) मत्स्यालयाच्या टाकीत सोडताच एक-दोन दिवसांत मरू लागल्या, तर बहुतेक वेळा कारण रोग नसून पाण्यातील अचानक बदल असतो. क्षारांचे प्रमाण एकदम बदलले की कात नीट निघत नाही, आणि डोक्यामागच्या सांध्यावर पूर्ण पांढरे कडे दिसणारी कोळंबी सहसा वाचत नाही. म्हणून त्यांना पिशवीतील पाण्यासह भांड्यात ठेवावे, हवेच्या बारीक नळीला गाठ मारून टाकीचे पाणी सेकंदाला एक-दोन थेंब या गतीने दीड-दोन तास पडू द्यावे आणि मग कोळंब्या जाळीने अलगद टाकीत सोडाव्यात. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. टाकीच्या पाण्यातील अमोनिया व नायट्राइट (विष्ठा व उरलेले अन्न कुजून तयार होणारी विषारी द्रव्ये) शून्यावर आलेले असावेत, हे तर आलेच. माशांच्या काही औषधांत तांबे असते, तेही आवर्जून तपासावे, कारण माशांना सोसणारी मात्राही कोळंबीचा जीव घेते.