कळण्याची भाकर अन् लायसिन

"ताई, पोरगं दोन भाकरी खाते, मंग हातपाय असे काड्यावानी काऊन?" अंगणवाडीत वजनाच्या दिवशी हा प्रश्न ठरलेला. मी विचारते, भाकरीसोबत काय देता? ठेचा, तेल. वरण असलंच तर पाण्यासारखं.

ज्वारीनं पोट भरतं, पण तिच्या प्रथिनात लायसिन फार कमी. लायसिन म्हणजे एक अमिनो आम्ल, प्रथिनं ज्या विटांनी बनतात त्यातली एक. ते शरीराला बनवता येत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. ते कमी पडलं की बाकीची अमिनो आम्लं असूनही अंगबांधणी अडते. हाडांना, कातडीला धरून ठेवणारं कोलॅजेन त्याच्याशिवाय घट्ट विणलं जात नाही. मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज 30 मिलिग्रॅम लागतं, म्हणजे 50 किलोच्या बाईला दीड ग्रॅम. वाढत्या लेकराला वजनाच्या मानानं जास्तच. 100 ग्रॅम ज्वारीत ते साधारण 200 मिलिग्रॅम असतं, तेवढ्याच उडदात दीड ग्रॅमच्या आसपास. म्हणून आमच्या बुलडाण्याकडचं कळणं, म्हणजे ज्वारी अन् उडीद एकत्र दळलेलं पीठ, मला इतकं मोलाचं वाटतं.

चार किलो ज्वारीला एक किलो सालाचे उडीद घ्या. निवडून, दोन दिवस कडक उन्हात वाळवून एकत्रच दळून आणा. पीठ करडं दिसेल, सालाचे काळे ठिपके दिसतील. चाळून ते टाकू नका. या पिठात लायसिन नुसत्या ज्वारीच्या दुपटीहून जास्त भरतं.

उडीद खमंग भाजायचा मोह होतो. माझ्या सासूबाई लाल होईस्तोवर भाजायच्या, वास गल्लीभर जायचा. पण तेवढ्या आचेवर लायसिन साखरेशी बांधलं जातं आणि अंगी लागत नाही. ऊन पुरे. भाकरही शेकावी, करपवू नये.

कोमट पाणी, मीठ घालून पीठ चांगलं मळा. उडदाच्या चिकटपणानं भाकर कडेला फाटत नाही, नवी सूनसुद्धा पातळ थापते. वरून पाण्याचा हात फिरवा, उलटा, मग निखाऱ्यावर फुगवा.

सोबत वांग्याचं भरीत असू द्या, वर लिंबू पिळा. कोलॅजेन बांधताना लायसिनला क जीवनसत्त्वाची जोड लागतेच. लहानग्याला ताकात कुस्करून द्या. पावसाळ्यात पिठाला लवकर जाळी लागते, तेव्हा आठवड्यापुरतंच दळा.