आठ-दहा महिन्यांचं कुत्रं शेल्टरमधून घरी आणताना

शेल्टरमध्ये शिरलं की पाय आपोआप पिल्लांकडे वळतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, जरा पुढे जा. सहा ते दहा महिन्यांची जी कुत्री तिथे असतात, ती बहुतेक पिल्लू म्हणूनच आलेली असतात. तेव्हा कुणी नेलं नाही, आणि आता पाय लांब झाले, कान मोठे दिसायला लागले म्हणून त्यांच्यापाशी कुणी थांबत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या घराला खरं तर हीच सोयीची. दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी शू लागते, रात्रीसुद्धा. त्याच्या लसी साधारण १६ आठवड्यांपर्यंत चालतात आणि तोवर खाली उतरवायचं म्हटलं की पार्व्हो या जीवघेण्या जुलाबांच्या रोगाची धास्ती, कारण त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. आठ महिन्यांच्या कुत्र्याचे दुधाचे दात पडून ४२ पक्के दात आलेले असतात. ते केवढं वाढणार, माणसाला बुजतं की झेपावतं, हे सगळं समोर दिसतं. आमची कुत्री, हौशी, याच वयात आली.

जाण्याआधी घरात एकदा नीट बसून बोला. सकाळी सहाला खाली कोण नेणार? पावसात कोण? गावाला गेलात तर कोण? ‘मुलगा सांभाळेल’ हे उत्तर धरू नका. शाळकरी मुलावर एका जिवाची जबाबदारी टाकणं दोघांवरही अन्याय आहे. घरातल्या मोठ्या माणसांची मनापासून संमती हवी. माझ्या सासूबाईंनी एकच अट घातली, देवघरात नाही. ती आम्ही आजही पाळतो. भाड्याचं घर असेल तर मालकाकडून लेखी घ्या. सोसायटीने आडकाठी केली तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची २०१५ची मार्गदर्शक तत्त्वं दाखवा: बहुमताने ठराव करूनसुद्धा पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. पण लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरणं आणि घाण लगेच उचलणं हे आपलं काम, त्यात कसूर नको.

पुण्यात रेस्क्यू, ब्ल्यू क्रॉस यांसारख्या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत. फोन करून वेळ घ्या आणि जमलं तर रविवार टाळा, गर्दीत कुठलंही कुत्रं खरं वागत नाही. पिंजऱ्यापाशी उभं राहून चुचकारू नका. बाजूला तोंड करून खाली बसा, हात मांडीवर, नजर रोखायची नाही. ते आपणहून हुंगायला येतं का, किती वेळाने येतं, ते बघा. उशिरा येणारं वाईट नाही. भिंतीला चिकटून थरथरणाऱ्याला मात्र अनुभवी घर लागतं. केवळ दया आली म्हणून पहिलंच कुत्रं असं निवडू नका.

खरी माहिती रोज खाणं घालणाऱ्या माणसाकडे असते. त्यांना विचारा, “दादा, हिच्या ताटाजवळ दुसरं कुणी आलं तर काय करते? मांजर दिसलं तर? पट्ट्याने चालते का?” लसींचं कार्ड मागा. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर दिलेली असते, पुढची तारीख लिहून घ्या. कानाचं टोक कापलेलं दिसलं तर दचकू नका, ती नसबंदी झाल्याची खूण. संस्थेची माणसंही तुमच्या घराबद्दल भरपूर विचारतील, आधार कार्ड मागतील, कदाचित घर बघायला येतील. याचा राग मानू नये. ज्यांना कुत्र्याची काळजी आहे तेच इतकं विचारतात. महापालिकेचा श्वान परवाना काढायचा आहे हेही लक्षात ठेवा, त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला जपून ठेवा.

आणायच्या दिवशी दोघं जा. गळ्यात पट्टा आणि अंगात हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, दोन्हींना दोरी. कुत्रं पळून जाण्याचा धोका या पहिल्या दिवसांतच सर्वांत जास्त असतो. उघडं दार, गॅलरीच्या गजांमधली फट आधीच तपासा.

आणि मग, त्याला राहू द्या. बघायला पाहुणे नकोत, आंघोळ नको, फोटोसाठी उचलणं नको. एक कोपरा, जुनी सतरंजी, पाणी. पहिले दोन-तीन दिवस ते खाणार नाही, नुसतं झोपेल. पाणी पीत असेल तर धीर धरा. पाणीही घेत नसेल, उलट्या किंवा रक्ताचे जुलाब झाले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर. शेल्टरमध्ये जे खात होतं तेच आठवडाभर चालू ठेवा आणि त्यात थोडं थोडं नवीन मिसळा. भात, उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचं चिकन, लाल भोपळा चालतो. दूध अनेकांना पचत नाही. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट कधीच नाही, म्हणजे आपल्या ताटातली आमटीसुद्धा नाही. शिजवलेली हाडं फुटून आतड्यात रुततात.

पुण्यात कुत्रं कधी आणायचं हाही प्रश्न आहे. आमचं घर एरंडवण्यात, डीपी रोडच्या जवळ. गणपतीच्या कितीतरी आधीपासून नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू होतो, मग मिरवणुका, मग दिवाळीचे फटाके. नव्या कुत्र्याला घराचीच खात्री नसताना हा आवाज फार जड जातो. दिवाळी उरकल्यावर आणलं तर पुढच्या ढोलांपर्यंत आपल्याला कित्येक महिने मिळतात. त्या काळात मोबाइलवर ढोलाचा आवाज अगदी हळू लावायचा आणि सोबत खाऊ द्यायचा. भीतीने त्याचे कान मागे गेले की आवाज कमी करायचा.

पाऊस सरता सरता गोचीड वाढतात. रोज कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यात हात फिरवा. हिरड्या फिकट, खाणं बंद, अंग गरम असं दिसलं तर रक्त तपासून घ्या, गोचीडताप अंगावर काढू नये. एरवी त्याचं अंग आपल्याला गरमच लागणार, कुत्र्याचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियस असतं. तळजाईला किंवा वेताळ टेकडीवर नेलंत तरी दोरी सोडू नका, तिथे मोर आहेत, कुत्रं त्यांच्यामागे धावेल.

एकटं राहण्याची सवय मात्र पहिल्या आठवड्यापासूनच लावा. चपला घाला, दार ओढा, पाच मिनिटांनी परत या. जाताना निरोप नाही, आल्यावर लाड नाहीत. मग पंधरा मिनिटं, मग तास. त्यासाठी शक्य असेल तर सुरुवातीला सुट्टी टाका. पहिले काही महिने चार तासांच्या वर एकटं ठेवायची वेळ आलीच, तर शेजारच्या कुणाकडे किल्ली देऊन ठेवा. पण त्या माणसाची आणि कुत्र्याची ओळख आधी तुमच्यासमोर झालेली हवी.