किल्ली सगळ्यात शेवटी: वर्षानुवर्षं उभी असलेली पद्मिनी पुन्हा सुरू करताना

आठ-दहा वर्षं उभ्या असलेल्या प्रीमिअर पद्मिनी मोटारीवरचं कव्हर काढलं की नवी बॅटरी लावावी, किल्ली फिरवावी आणि तो ओळखीचा आवाज ऐकावा, असं कुणालाही वाटतं. हा मोह आवरा. इतकी वर्षं उभं राहून गाडीचं झालं नसेल तेवढं नुकसान पहिल्या पाच सेकंदांच्या सेल्फने होऊ शकतं. सिलिंडरला गंजून चिकटलेली पिस्टनची रिंग मोडते, अडकलेल्या व्हॉल्व्हची पुशरॉड (त्याला ढकलणारी दांडी) वाकते, टाकीतला गाळ थेट कार्बोरेटरमध्ये (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागात) जातो.

कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने १९६४ साली फियाट ११०० डिलाइट म्हणून ही गाडी आणली आणि १९७४ पासून ती पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, एक कार्बोरेटर, प्लगना करंट वाटणारा एक डिस्ट्रिब्युटर. पान्यांचा संच, फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या), टेस्ट लॅम्प आणि सवड असेल तर पुढची बहुतेक कामं घरच्या अंगणात होतात. (डिझेल पद्मिनीचं प्रकरण वेगळं, ते इथे घेतलेलं नाही.) मुंबईच्या शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, पण तिच्यावर हात बसलेले टॅक्सी मेकॅनिक अजून आहेत. जुने सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आणि चोर बाजारात शोधावे लागतात.

आधी पत्रा

या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार उचलते. त्यामुळे पत्रा सडला असेल तर इंजिनावर पैसे घालण्यात अर्थ नाही. आतले मॅट काढून फ्लोअर पाहा, मग दाराखालचा उंबरा, जॅक लावायची जागा, पुढचं सस्पेन्शन जिथे बॉडीला धरलंय ती जागा आणि डिकीचा तळ. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका: चांगला पत्रा खणखणतो, सडलेला भद्द आवाज देतो. लोहचुंबक कापडात गुंडाळून बॉडीवरून फिरवा. जिथे तो धरत नाही, तिथे पत्र्याच्या जागी पुट्टी भरलेली आहे. कोकणात आणि मुंबईत, खाऱ्या हवेत उभ्या राहिलेल्या गाडीत ही तपासणी अर्धा दिवस काढून करावी.

बॉनेट उघडल्यावर एअर फिल्टरचा डबा आणि हीटरची जागा पाहा. उंदरांचं घरटं बहुतेक तिथेच असतं, आणि घरटं सापडलं तर वायरिंगही कुरतडलेलं असणारच. कुरतडलेली वायर टेप गुंडाळून चालवू नका. तेवढा तुकडा बदला, नाहीतर शॉर्ट होऊन आग लागेल.

इंजिन हाताने फिरवा

चारही प्लग काढा. प्रत्येक भोकातून साधारण १० मिली पातळ ऑइल सोडा. इंजिन ऑइल आणि डिझेल निम्मे-निम्मे चालतं. दोन दिवस तसंच राहू द्या. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या नटला लांब पाना लावा आणि गाडीसमोर उभं राहून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हळू फिरवा. फिरत नसेल तर पान्याला पाइप लावून जोर करू नका. पुन्हा ऑइल सोडा, आणखी दोन-तीन दिवस थांबा, मग पुढे-मागे थोडं थोडं हलवून पाहा. आठवडाभरानेही जागचं हललं नाही तर हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवणं आलं, आणि ते तुटलेल्या रिंगपेक्षा स्वस्त पडतं.

फिरलं तर टॅपेट कव्हर उघडा आणि इंजिनाचे पूर्ण दोन फेरे देत आठही व्हॉल्व्ह खाली जाऊन वर येतात का ते डोळ्यांनी पाहा. एखादा वर येत नसेल तर त्याच्या दांड्यावर ऑइल सोडून प्लास्टिकच्या हातोडीने हलकेच टिचकी मारा.

याच वेळी डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम फाटलाय आणि पेट्रोल संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) उतरलंय. अशा ऑइलवर इंजिन चालवलं तर बेअरिंग जातात. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय; हेड गॅस्केट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोन्ही नसलं तरी जुनं ऑइल काढून २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल आणि नवा फिल्टर घाला.

पेट्रोलची वाट

जुन्या पेट्रोलला वॉर्निशसारखा वास येतो. त्याचा चिकट थर जेटमध्ये (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकांत) बसतो, मग गाडी चोकवर (हवा अडवून पेट्रोल वाढवणाऱ्या झडपेवर) चालते आणि चोक काढला की बंद पडते. टाकी उतरवून पूर्ण रिकामी करा. आत गंज असेल तर मूठभर नट आणि थोडं रॉकेल घालून हलवा, ओता, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मग उन्हात पूर्ण वाळवा. टाकीला भोक असेल तर ती थेट वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. रेडिएटरची कामं करणारा कारागीर टाकी धुऊन डाग देतो, त्याच्याकडे द्या.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि उभ्या गाडीत ते पाणी टाकीच्या तळाशी वेगळं होऊन गंज सुरू करतं. जुन्या रबराचेही ते हाल करतं. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घ्या, पंपाचा डायफ्रॅम बदला, पंपाच्या आधी एक पारदर्शक फिल्टर बसवा. गाडी महिन्यातून एकदाच निघणार असेल तर टाकी भरलेली ठेवा. आत हवा कमी म्हणजे पाणीही कमी.

कार्बोरेटर उघडून जेट काढा, कार्बोरेटर क्लीनर मारा आणि हवेने फुंका. तार घालून साफ करू नका: पितळेचं भोक किंचित मोठं झालं तरी ॲव्हरेज पडतं आणि ते परत येत नाही. फ्लोट (कार्बोरेटरमधला पेट्रोलवर तरंगणारा पोकळ तुकडा) कानाशी हलवा. आत पेट्रोल डुचमळलं तर त्याला बारीक भोक आहे. फ्लोट ज्याने पेट्रोल बंद करतो तो नीडल व्हॉल्व्ह नवाच बसवा, कारण तो गळला तर तापलेल्या मॅनिफोल्डवर पेट्रोल सांडतं.

करंट

डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) बारीक पॉलिश पेपरने घासून ०.४५ मिमी गॅप ठेवा, प्लगला ०.६ मिमी. डिस्ट्रिब्युटरच्या कॅमला तिळाएवढं ग्रीस लावा, नाहीतर पॉइंटची टाच झिजून गॅप मिटत जातो. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. प्लगचं टोक इंजिनाला टेकवून ठिणगी पाहा: निळी आणि टचटचीत हवी. पिवळट असेल किंवा पॉइंट वारंवार जळत असतील तर आधी कंडेन्सर बदला. काम करताना इंजिन बंद ठेवून किल्ली चालू राहू देऊ नका, कॉइल तापून जाते.

ब्रेक: इथे घाई नको

इंजिन सुरू होण्याआधी ब्रेक तयार हवेत, कारण सुरू झालेली गाडी फाटकापर्यंत तरी न्यायचा मोह कुणालाच आवरत नाही. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत व्हील सिलिंडरचे पिस्टन चिकटतात आणि आतले रबरी कप कडक होतात. पॅडल घट्ट लागतं म्हणून ब्रेक चांगले आहेत असं समजू नका. एकच चाक धरत असेल तरी पॅडल घट्टच लागतं.

चारही ड्रम काढा. अडकला तर कडेने गोल फिरत हातोडीने ठोका, एकाच जागी नको. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि मास्क लावा. सिलिंडरच्या आत बोट फिरवा. खड्डे लागले तर नुसतं रबरी कपांचं किट टाकून उपयोग नाही, सिलिंडरच बदला, कारण नवे कप त्या खड्ड्यांवर महिन्याभरात कापले जातात. रबरी ब्रेक पाइप बाहेरून चांगले दिसले तरी सगळे बदला. ते आतून सुजतात, मग ब्रेक लागतो पण सुटत नाही.

ब्रेक फ्लुइड डॉट ३ घ्या. चुकूनही इंजिन ऑइल किंवा दुसरं खनिज तेल टाकलं तर सगळी रबरं फुगतात आणि काम पहिल्यापासून करावं लागतं. पाइपांतली एअर काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून या: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. जुन्या गाड्यांत चारही चाकांना मिळून एकच सर्किट असतं. एक पाइप फुटला की सगळे ब्रेक जातात, म्हणून हँडब्रेकची केबलही आत्ताच मोकळी करून ताणून घ्या.

आता किल्ली

रेडिएटर फ्लश करून कूलंट भरा, बोअरिंगचं पाणी नको. हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा असल्याने क्षारांच्या पाण्यात हेड आतून खाल्लं जातं. गाडी उघड्यावर घ्या, अग्निशामक हाताशी ठेवा. कॉइलची वायर काढून, प्लग न लावता सेल्फ मारा: दहा सेकंद, मग मिनिटभर विश्रांती. ऑइलचा दिवा विझेपर्यंत हे करा. मग प्लग आणि वायर लावून, चोक ओढून चालू करा. सुरुवातीचा निळा धूर म्हणजे तुम्हीच ओतलेलं ऑइल जळतंय. दहा मिनिटांत तो जायला हवा. पांढरा धूर थांबत नसेल तर हेड गॅस्केटकडे पाहा, काळा असेल तर चोककडे. ऑइलचा दिवा पुन्हा लागला तर त्याच क्षणी बंद करा.

क्लच दाबूनही गिअर पडत नसेल तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असते. इंजिन बंद करा, पॅडल दाबून लाकडाने अडवा आणि रात्रभर ठेवा. बहुतेक वेळा सकाळपर्यंत सुटते. स्टेअरिंगवरचा गिअर मध्येच अडकत असेल तर गिअरबॉक्स उघडण्याआधी लिंकेजचे (गिअरच्या जोडदांड्यांचे) बुश पाहा, तेच झिजलेले असतात. पुढच्या किंगपिनच्या (ज्या खिळीवर चाक वळतं तिच्या) निपलमध्ये जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत ग्रीस भरा.

टायरवर नक्षी शिल्लक असली तरी बाजूचा चार आकडी शिक्का वाचा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. दहा वर्षांपुढचं टायर वापरू नका.

कागदांचं काम याच सुमारास हाती घ्या. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी २०२१च्या नियमांनुसार विंटेज म्हणून नोंदवता येते. नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. रविवारी घरच्यांना फिरवून आणायचं असेल तर फिटनेस करून साधी नोंदणीच पाच-पाच वर्षांनी वाढवत राहणं बरं.

पहिले ५०० किलोमीटर झाल्यावर ऑइल पुन्हा बदला, आणि संपचा नट काढताना खाली पांढरं फडकं धरा. त्यावर पितळी चमक दिसली तर बेअरिंग बोलताहेत; गाडी थांबवा आणि संप उतरवा.