चित्राची पाठ वाचताना: अमेरिकी चित्रकला आणि संग्राहकांच्या अभ्यासाचा माझा अनुभव

कला-इतिहासाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मी पुण्याहून फिलाडेल्फियाला गेले, तेव्हा इटलीतील प्रबोधनकाळ हाच आपला विषय असे मी ठरवून टाकले होते. पहिल्याच सत्रात थॉमस ईकिन्स या अमेरिकी चित्रकाराच्या ‘द ग्रॉस क्लिनिक’ या चित्रासमोर उभी राहिले आणि तो निश्चय मोडला. एकोणिसाव्या शतकाची अखेर आणि विसाव्या शतकाची सुरुवात या काळातील अमेरिकी चित्रकला व तिचे संग्राहक हा विषय घेऊ पाहणारी मराठी मुले-मुली आता अधूनमधून पत्राने विचारणा करतात. त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

ते चित्र 1875 सालचे, सुमारे आठ फूट उंचीचे. शस्त्रक्रिया थांबवून विद्यार्थ्यांना काही समजावणारे डॉ. सॅम्युएल ग्रॉस मध्यभागी उभे आहेत, उजेड नेमका त्यांच्या कपाळावर आणि रक्ताने माखलेल्या बोटांवर पडलेला आहे आणि डाव्या बाजूला एका स्त्रीने हात वर करून आपला चेहरा झाकून घेतला आहे. अमेरिकी स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त 1876 मध्ये फिलाडेल्फियात भरलेल्या प्रदर्शनात परीक्षकांनी हे चित्र कलादालनात लावू दिले नाही. ते लष्करी रुग्णालयाच्या दालनात लागले. पुढे जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी ते 200 डॉलरना घेतले आणि 2006 मध्ये ते विकायचे ठरले, तेव्हा किंमत 6 कोटी 80 लाख डॉलर होती. शहराने वर्गणी काढून ते शहरातच ठेवून घेतले. रंगांचे जाणकार त्या कपाळावरच्या उजेडाविषयी पुष्कळ सांगतील, पण नाकारले कोणी, विकत घेतले कोणी आणि सोडायला तयार कोण नव्हते, हे कळल्याखेरीज त्या चित्राची कथा पुरी होत नाही, हे मला तिथे उमगले.

मराठी वाचकाला या शहराची एक आठवण असणारच. आनंदीबाई जोशी याच फिलाडेल्फियात वैद्यक शिकल्या आणि मार्च 1886 मध्ये पदवीधर झाल्या. ईकिन्स त्याच काळात तेथील पेनसिल्व्हेनिया अकादमी या कलाशाळेत शिकवत होता, चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनीही शवविच्छेदन करून शरीर समजून घेतले पाहिजे असा त्याचा आग्रह होता आणि विद्यार्थिनींच्या वर्गात पुरुष मॉडेलचे लंगोट काढल्याच्या प्रकरणावरून फेब्रुवारी 1886 मध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला. मानवी शरीर स्त्रियांनी किती आणि कसे अभ्यासावे, हा प्रश्न एकाच शहरात, एकाच हिवाळ्यात, दोन संस्थांमध्ये किती वेगळ्या रीतीने सुटला हे पाहताना मला माझा विषय परका वाटेनासा झाला.

माझी पहिली मोठी चूक येथे सांगणे आवश्यक आहे. एका छोट्या संग्रहातील निसर्गचित्राची नोंद करताना मागच्या बाजूला चिकटवलेल्या प्रदर्शनाच्या चिठ्ठीवरून मी त्याचा मालकी-इतिहास लिहून काढला. तीन आठवड्यांनी ध्यानात आले की चिठ्ठी चित्राच्या लाकडी ताणपट्टीवर (जिच्यावर कापड ताणून बसवतात ती पट्टी) नव्हती, तर बाहेरच्या चौकटीवर होती, आणि ती चौकट मुळात दुसऱ्याच चित्राची होती. चौकटी बदलत राहतात. त्या काळी तर चौकट ही स्वतंत्र कलाकृती होती. स्टॅनफर्ड व्हाइटसारख्या वास्तुरचनाकाराने डूइंग आणि थेअर या अमेरिकी चित्रकारांच्या चित्रांसाठी खास चौकटी रचल्या होत्या. तेव्हापासून चिठ्ठी, जकातीचा शिक्का, खडूने लिहिलेला क्रमांक यांतील प्रत्येक गोष्ट नेमकी कशावर आहे हे मी आधी टिपते आणि मगच ती वाचते. जमीन घेताना आपण सातबारा पाहून थांबत नाही, जुने फेरफार काढून प्रत्येक नाव कसे चढले आणि कसे उतरले ते तपासतो. चित्राचेही तसेच करायचे असते, आणि मध्ये एखादा दुवा सापडत नसेल तर तेथे रिकामी जागा आहे असे स्पष्ट लिहायचे असते.

बाजाराची जुजबी माहिती लवकर करून घ्यावी. श्रीमंत अमेरिकी माणूस त्या काळी प्रामुख्याने युरोपीय चित्रे घेत असे. न्यूयॉर्कमध्ये विल्यम मॅकबेथने 1892 मध्ये अमेरिकी चित्रांना वाहिलेले दुकान उघडले हे म्हणूनच धाडसाचे होते. 1899 मध्ये थॉमस क्लार्कच्या संग्रहातील 372 अमेरिकी चित्रांचा लिलाव झाला आणि देशी चित्रांनाही भाव मिळू शकतो हे लोकांनी पाहिले. जकातीचा कायदा मात्र नवागत हमखास विसरतात. 1897 च्या कायद्याने परदेशातून येणाऱ्या चित्रांवर 20 टक्के जकात होती, 1909 मध्ये वीस वर्षांहून जुन्या कलाकृतींना आणि 1913 मध्ये नव्या चित्रांनाही सूट मिळाली. जे. पी. मॉर्गन या न्यूयॉर्कच्या धनाढ्य बँकरचा संग्रह इतकी वर्षे लंडनमध्ये का राहिला, याचे उत्तर बऱ्याच अंशी या कायद्यात आहे.

एका संग्राहकाचा पिच्छा पुरवावा, असे मी प्रत्येकाला सांगते. माझ्यासाठी तो चार्ल्स लँग फ्रीअर ठरला. डेट्रॉइटमध्ये रेल्वेचे डबे बांधण्याच्या धंद्यात त्याने पैसा मिळवला, पंचेचाळिशीच्या सुमारास धंद्यातून अंग काढून घेतले आणि उरलेले आयुष्य संग्रहाला दिले. 1894-95 च्या प्रवासात तो हिंदुस्थानातही येऊन गेला होता. व्हिसलर, डूइंग, थेअर आणि ट्रायन एवढ्या मोजक्याच अमेरिकी चित्रकारांवर त्याने लक्ष केंद्रित केले आणि त्यांच्या चित्रांतील मंद रंग जपानी व चिनी भांड्यांच्या झिलईशी नाते सांगतात, या विश्वासावर सारा संग्रह उभारला. तो त्याने राष्ट्राला देऊ केला, 1906 मध्ये स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालय-संस्थेने स्वीकारला आणि त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, 1923 मध्ये, वॉशिंग्टनमधील दालन उघडले. पौर्वात्य कलेची भर पुढेही घालता येईल, अमेरिकी चित्रांची नाही, अशी त्याची अट होती. ही अट मला आजही थोडी खटकते; पण तिच्यामुळेच एका माणसाची नजर जशीच्या तशी पाहायला मिळते, हेही खरे.

तेथील मोरांची खोली सावकाश पाहावी. व्हिसलरने ती 1876-77 मध्ये लंडनच्या फ्रेडरिक लेलंड या जहाजमालकासाठी रंगवली आणि मालकाला पुरते न विचारता भिंतींवरचे किमती चामडे निळ्या-हिरव्या रंगाने झाकून टाकले. त्याने 2,000 गिनी मागितल्या. लेलंडने निम्मी रक्कम, आणि तीही गिनीऐवजी पौंडांत दिली. गिनी म्हणजे 21 शिलिंग, पौंड म्हणजे 20. सभ्य व्यवहारात कलावंताला गिनीत पैसे देत, कारागिराला पौंडात. हा अपमान व्हिसलरने भिंतीवरच मांडला: दोन मोर समोरासमोर झुंजत आहेत आणि रागावलेल्या मोराच्या पायाशी चंदेरी नाणी विखुरली आहेत. ती म्हणजे गिनीऐवजी पौंड देऊन कापून घेतलेली शिलिंगे. फ्रीअरने 1904 मध्ये ही सबंध खोली विकत घेतली आणि डेट्रॉइटच्या घरी बसवून फळ्यांवर आपली भांडी मांडली; पुढे संग्रहाबरोबर ती वॉशिंग्टनच्या दालनात आली.

कामाच्या तयारीविषयी थोडक्यात सांगते. फ्रेंच वाचता यायला हवे, कारण अर्ध्याअधिक चित्रकारांचे शिक्षण पॅरिसमध्ये झाले होते. जुने इंग्रजी हस्ताक्षर रोज पानभर वाचण्याची सवय लावून घ्यावी. मॅकबेथच्या दुकानाची कागदपत्रे आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्टमध्ये आहेत, न्यूयॉर्कचे चित्रविक्रेते नॉडलर यांच्या मालनोंदवह्या लॉस एंजेलिसच्या गेटी संशोधन संस्थेत आहेत आणि त्या घरबसल्या पाहता येतात, म्हणजे नागपूर किंवा पणजीत बसूनही सुरुवात होऊ शकते. ज्याने किर्द-खतावणी पाहिली आहे त्याला या वह्यांचे रकाने लवकर उलगडतात. घेतल्याची किंमत मात्र व्यापारी बहुधा सांकेतिक अक्षरांत लिहीत. अभिरक्षकाची (संग्रहालयातील क्युरेटरची) पदे थोडी आहेत आणि त्यांसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते. कलाकृतींची नोंदणी, अभिलेखागार, लिलावगृहातील संशोधन या जागा त्या मानाने अधिक निघतात, आणि मी स्वतः नोंदणी विभागातूनच आत आले. तेथे पहिली सहा महिने मी फक्त चित्रांच्या पाठी मोजल्या, उजेड तिरका धरून त्यांची छायाचित्रे घेतली आणि शिक्के पेन्सिलीने उतरवून ठेवले. आजही नव्या चित्राची पेटी उघडली की आधी पाठ पाहते.