टायपिंगचा स्पीड पंचविसावर अडकलाय? या चुका टाळा

नाशिकचा कॅनडा कॉर्नर असो की नाशिकरोड, टायपिंग क्लासच्या पायऱ्या उतरणाऱ्या मुलांची तक्रार एकच: स्पीड पुढे सरकतच नाही. लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत मिनिटाला मराठी ३० शब्द, इंग्रजी ४० असं वाचलं की सगळे बोटं पळवायला लागतात. पण हिशेब करून बघा. इंग्रजीत पाच ठोक्यांचा एक शब्द धरतात. म्हणजे ४० चा स्पीड मिनिटाला २०० ठोके, सेकंदाला जेमतेम तीन-साडेतीन. तेवढं बोटांना जड नाही. वेळ खातं ते मध्येमध्ये थांबणं.

आणि थांबायला लावते मान. नजर कीबोर्डवर गेली, परत उताऱ्यावर आली, ओळ शोधली, की तीन-चार ठोके गेलेच. एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात ते याचसाठी. दोन्ही तर्जन्या तिथे टेकवा आणि हातांवर रुमाल टाकून सराव करा. पहिल्या आठवड्यात स्पीड घसरेल, घसरू द्या.

मराठीवाल्यांचा घोळ वेगळाच. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय, क्लासला रेमिंग्टन, घरच्या लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट. हे दोन लेआउट, म्हणजे कळांवर अक्षरं मांडायच्या दोन वेगळ्या पद्धती. रेमिंग्टनमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, इनस्क्रिप्टमध्ये नंतर. दोन्ही एकदम शिकणाऱ्याचा 'कि' हमखास अडखळतो. परीक्षेला कोणता लेआउट आहे ते आधी विचारा, मग दुसऱ्याला हात लावू नका.

इनस्क्रिप्टमध्ये 'दुसऱ्या' लिहिताना पुष्कळजण साधा र घेतात आणि 'दुसर्या' उमटतं. मग बॅकस्पेस, परत तेच. तिथे शिफ्ट धरून जे दाबा, नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ येईल. मग डी म्हणजे हलन्त (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह), मग य आणि काना. असे नडणारे दहा-बारा शब्द वहीत काढा आणि तेवढेच घोटा. अख्खा उतारा पुन्हा पुन्हा मारण्यापेक्षा हे कितीतरी बरं. तसाही क्लासचा लेसन पाठ झालेला असतो, त्यावरचा स्पीड फसवा. रोज 'देशदूत'चा ताजा अग्रलेख घ्या, खरा आकडा कळेल.

शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली गेली की विंडोज 'स्टिकी कीज'ची चौकट समोर आणतं. सेटिंगमधून तो शॉर्टकट बंद करून टाका, नाहीतर ऐन टेस्टमध्ये घात होईल.

सकाळची बॅच असेल तर एक खास नाशिकचं: डिसेंबरात निफाडचा पारा उतरला की इथेही बोटं आखडतात. तळवे चोळल्याशिवाय घड्याळ लावू नका. आणि मनगट टेबलाच्या कडेवर रोवून बसू नका. दुखायला लागलं तर सराव तिथेच थांबवा.