मेटाबोलोमिक्समध्ये यायचंय? आधी सॅम्पलच्या वेळा लिहायला शिका

डेंग्यूचा कोणता पेशंट पुढं गंभीर होणार, हे रक्तातल्या बारीक रेणूंवरून आधीच ओळखता येईल का (असे रेणू एकदम मोजायचं शास्त्र म्हणजे मेटाबोलोमिक्स), या एका प्रश्नावर मी बेळगावात चार वर्षं काढली. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतली मी. आता एमएस्सी झालेली मुलं विचारतात, 'ताई, या फील्डमध्ये यावं का?' जरूर यावं. पण माझं दीड वर्ष कुठं गेलं ते आधी ऐका.

मास स्पेक म्हणजे रेणू वजनावरून ओळखणारं मशीन, प्लाझ्मा म्हणजे पेशी काढल्यावर उरलेला रक्ताचा द्रव, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते.

पहिला डेटा आला तेव्हा साधे आणि गंभीर पेशंट आलेखावर अगदी दोन टोकांना होते. गंभीर गटात लॅक्टेट (ग्लुकोज फोडताना पेशी सोडतात ते) आणि हायपोझँथिन (पेशींची ऊर्जा संपत आली की साचणारा रेणू) वाढलेलं, ग्लुकोज उतरलेलं. पटण्यासारखंच होतं, कारण शॉकमध्ये, म्हणजे अवयवांना रक्त कमी पडलं की, लॅक्टेट वाढतंच. गाईड खूश, पोस्टर तयार.

मग एका संध्याकाळी टेक्निशियन काकांनी रजिस्टर पुढ्यात ठेवलं. समासात पेन्सिलीनं वेळा लिहिलेल्या, कुणी सांगितलं नसताना. साधे पेशंट सकाळी ओपीडीत यायचे, त्यांचं रक्त अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूजला, म्हणजे फिरवून पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्राला, लागायचं. गंभीर पेशंट रात्री यायचे, खानापूर-चंदगडकडून, मिळेल ती गाडी करून. त्यांच्या जांभळ्या टोपणाच्या ट्यूबा सकाळी नऊपर्यंत रॅकमध्ये तशाच उभ्या.

ट्यूबमधल्या पेशी जिवंत असतात, हे पाठ करून ठेवा. लाल पेशी ग्लुकोज खात राहतात, खोलीच्या तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्के, आणि लॅक्टेट सोडत राहतात. हायपोझँथिन चढत जातं. पेशी फुटल्या तर आर्जिनेज हे एन्झाइम बाहेर पडून आर्जिनिन या अमिनो आम्लाचं ऑर्निथिन करतं. म्हणजे रात्रभर ठेवलेली ट्यूब निरोग्याची असली तरी आजाऱ्यासारखी दिसते. आमचं मॉडेल रात्रपाळी ओळखायला शिकलं होतं. त्या रात्री मी झोपले नाही. निम्मे नमुने बाद केले, आणि त्यातला प्रत्येक नमुना कुणाच्या तरी तापातल्या आईचा, पोराचा होता.

म्हणून पेशंटला सुई टोचण्याआधी स्वतःचं रक्त द्या. एकाच वेळी सहा ट्यूबा भरा. एक लगेच फिरवा, बाकीच्या एक, दोन, चार, आठ, बारा तासांनी. सगळ्या एकत्र मशीनवर चालवा. काय हलतं ते एकदा डोळ्यांनी पाहिलंत की आयुष्यभर विसरणार नाही. आमच्या रजिस्टरात आता प्रत्येक ट्यूबला तीन वेळा लिहिलेल्या असतात: रक्त काढलं, फिरवलं, उणे ८० अंशांच्या फ्रीजरला ठेवलं. तासाच्या वर गेलेली ट्यूब आम्ही घेत नाही, मग पेशंट कितीही दुर्मीळ असो.

बाकीच्या चुका सुधारता येतात, घाबरू नका. मशीनवर नमुने गटागटानं लावू नका, मिसळून लावा, मधेमधे पूल क्यूसी (सगळ्या नमुन्यांचा थोडा थोडा भाग मिसळून केलेला तपासणी-नमुना) ठेवा. बटण दाबलं की रंगीत आलेख देणाऱ्या सॉफ्टवेअरवर माझा विश्वास नाही. शेकडो रेणू आणि मोजके पेशंट असले की पीएलएस-डीए ही गट वेगळे करायची आकडेमोडीची पद्धत कुठल्याही दोन गटांना वेगळं करून दाखवते. पेशंटची लेबलं उलटसुलट करून बघा, तरीही गट वेगळे दिसले तर थांबा.

आणि आयसीयूत पोचलेल्याचं रक्त घेऊन 'भाकीत' म्हणू नका, ते निदान झालं. डेंग्यूत धोका बहुधा ताप उतरताना येतो, म्हणून तापाचा पहिला दिवस कळायलाच हवा. आमच्याकडचे लोक तारीख सांगत नाहीत, 'गौरी गेल्या त्या रात्री थंडी वाजली' म्हणतात. कॅलेंडर घेऊन शेजारी बसा. संमतीपत्र कानडीत आणि मराठीत, दोन्हींत हवं. नुसत्या अंगठ्यावर भागवू नका, वाचून दाखवा.

गाईड निवडताना पेपर मोजत बसू नका, त्यांच्या लॅबमधला टेक्निशियन किती वर्षं टिकलाय ते विचारा. इंग्रजी कच्चं आहे म्हणून मागं राहू नका, माझंही कच्चंच होतं, कानडीही इथंच शिकले.

दुसऱ्या खेपेला लॅक्टेटचा फरक बराच आटला. कायन्युरेनिन आणि ट्रिप्टोफॅन (एक अमिनो आम्ल, ते फोडलं की कायन्युरेनिन बनतं) यांचं गुणोत्तर मात्र गंभीर गटात चढलेलंच राहिलं. कोविडच्या गंभीर पेशंटमध्येही ते चढलेलं आढळलं आहे. विषाणूशी लढताना शरीर सोडतं त्या इंटरफेरॉनमुळं आयडीओ नावाचं एन्झाइम जागं होतं आणि ट्रिप्टोफॅन फोडतं, म्हणून. तो आकडा आला तेव्हा मी आधी काकांकडं जाऊन त्या ट्यूबांच्या वेळा तपासल्या.